तासाला कुठली साइट चालू, कुठली बंद?
वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की शाळेतल्या कॉम्प्युटरबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि बहुतेक पत्रं एकाच विषयावर आली, मुलं तासाला भलतीच साइट उघडून बसतात त्याचं काय करायचं. तेव्हा हा सगळा अंक त्याच्यावरच. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं छापत नाही.

प्रश्न : सर, आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. लोकवर्गणीतून थोडे कॉम्प्युटर मिळालेत, नेटही आहे. तासाला परिसर अभ्यासातलं काहीतरी शोधायला सांगावं तर माझी पाठ वळली की कार रेसिंग नाहीतर यूट्यूब. मी गेमची एकेक साइट बंद करत गेले, ती यादी आता पानभर झालीय, पण ह्यांना रोज नवीन सापडतंच. पाचवीतली पोरं माझ्यापेक्षा हुशार निघाली. शाळेत कॉम्प्युटरमधला माणूस नाही आणि पैसे तर नाहीतच. काय करू? — एक शिक्षिका, सांगोला तालुका

ताई, ती यादी कधीच पूर्ण होणार नाहीये. गेमच्या साइट चालवणाऱ्यांना चांगलं माहितीये की शाळा त्यांना ब्लॉक करतात, म्हणून तेच गेम ते गूगल साइट्सवर टाकतात, गिटहबच्या (प्रोग्रामर लोकांची कोड ठेवायची साइट) फुकट पानांवर टाकतात, आणि 'अनब्लॉक्ड गेम्स' असं शोधलं की ढीगभर पत्ते समोर येतात, एक बंद केला की दुसरा तयारच असतो. बरं, वैतागून गूगल साइट्सच बंद करावं तर तुमच्यासारख्याच कुणा शिक्षकाने मेहनतीने बनवलेलं पानही त्यात जातं. म्हणून बंद करायची यादी फेकून द्या आणि उघडी ठेवायची यादी करा. पाचवीच्या पोराला एका तासात लागतात किती साइट? ई-बालभारती, दीक्षा, मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया, गणिताला जिओजेब्रा, विज्ञानाला फेट (त्याचे बरेच प्रयोग मराठीत आहेत, बघाच एकदा). झालं. बाकी अख्खं इंटरनेट त्या तासापुरतं नसलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आता हे करायचं कसं. ह्याला वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला लागत नाही, क्रोममध्येच सोय आहे, मोठ्या कंपन्या त्यांच्या ऑफिसात वापरतात तीच, तिला पॉलिसी म्हणतात. त्यात दोन याद्या असतात, एकीचं नाव यूआरएल ब्लॉकलिस्ट आणि दुसरीचं यूआरएल अलाउलिस्ट. पहिलीत फक्त एक फुली, म्हणजे स्टार टाकायचा, त्याचा अर्थ सगळं बंद. दुसरीत तुमच्या पाच-सहा साइट टाकायच्या. दोन्हीत भांडण झालं तर दुसरी यादी जिंकते, त्यामुळे तेवढ्याच उघडतात. विंडोजमध्ये हे रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) लिहावं लागतं, तिथे हात घालायची भीती वाटत असेल तर तालुक्यातल्या एखाद्या कॉम्प्युटरवाल्याला बसवून एकदाच एक छोटी फाइल बनवून घ्या, ती पेनड्राइव्हवर ठेवा आणि प्रत्येक मशीनवर डबल क्लिक करत जा. कॉम्प्युटरवर लिनक्स असेल तर अजूनच सोपं, तिथे ही साधी टेक्स्ट फाइल असते, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवली की काम झालं. लागलं की नाही ते बघायला क्रोमचं 'पॉलिसी' नावाचं आतलं पान असतं, त्याचा पत्ता पण उघड्या यादीत टाकून ठेवा म्हणजे तपासताना तुम्हीच अडकणार नाही.

पण ह्याच्या आधीचं एक काम आहे आणि लोक नेमकं तेच विसरतात. मुलांचं लॉगिन साधं हवं, ॲडमिन नको. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे आणि मुख्याध्यापकांकडे, बस, तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा नाही (हसू नका, असं असतं). मुलांच्या हातात ॲडमिन असेल तर वरचं सगळं पाच मिनिटांत पुसून टाकतील, पाचवीतली नाही तर सातवीतली.

दुसरी विसरायची गोष्ट म्हणजे एज, मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर. क्रोम मस्त बंद केलं जातं आणि शेजारी विंडोजबरोबर आलेला एज तसाच उघडा बसलेला असतो, मुलांना तो पहिल्याच दिवशी दिसतो. एजमध्ये ह्याच नावाच्या दोन याद्या आहेत, त्याच फाइलमध्ये त्यासाठीही ओळी घालून घ्या. फायरफॉक्स असेल तर त्याची स्वतःची वेगळी पद्धत आहे, त्यापेक्षा काढूनच टाका, लॅबला तीन ब्राउझर लागत नाहीत. एक्स्टेन्शनच्या (ब्राउझरला जोडायच्या जादा सोयी) ब्लॉकलिस्टमध्ये पण स्टार टाका, नाहीतर फुकटचा व्हीपीएन, म्हणजे अडवलेली साइट आडवाटेने उघडून देणारी सोय, जोडला की संपलं सगळं. आणि नेट गेल्यावर क्रोममध्ये तो डायनासोर पळायला लागतो ना, तोही बंद करता येतो, त्याची पण रीतसर पॉलिसी आहे! मी म्हणेन तो राहू दे, लाइट-नेट गेल्यावर पोरांनी तरी काय करायचं.

यूट्यूबचं मात्र ठरवावं लागेल. ते पूर्ण उघडलं तर वरच्या कष्टाला काही अर्थ नाही, कारण लागणारा व्हिडिओ एक आणि बाजूला सुचवलेले वीस. मुलांच्या मशीनवर बंदच ठेवा आणि दाखवायचा तो व्हिडिओ तुमच्या मशीनवरून प्रोजेक्टरवर नाहीतर टीव्हीवर लावा. दीक्षावरच्या काही पानांत व्हिडिओची चौकट यूट्यूबवरून येते, ती मुलांच्या मशीनवर कोरी दिसेल, त्यामुळे तासाच्या आदल्या दिवशी मुलांच्या मशीनवर त्यांच्याच लॉगिनने बसून तुम्हाला लागणारं प्रत्येक पान एकदा उघडून बघायचं. स्वतःच्या मशीनवर बघून उपयोग नाही, तुमच्याकडे सगळं चालतंच.

आणि पोरं पेनड्राइव्हवरून एखादा इन्स्टॉल न करता चालणारा ब्राउझर घेऊन आली तर? तर हे सगळं बाजूलाच राहतं, खरंय. त्यासाठी विद्यार्थ्यांचे पेनड्राइव्ह लॅबमध्ये चालणार नाहीत हा नियम आणि राउटरवर दुसरा थर, तो पुढच्या उत्तरात आहे.

अजून एक उपाय, मला वाटतं तुमच्या शाळेला हाच सगळ्यात बरा पडेल. किविक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो. ती फाइल लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर ठेवली की बाकीचे कॉम्प्युटर आतल्या आत त्याच्यावरून वाचतात, बाहेरचं नेट लागतच नाही. मग तासाच्या सुरुवातीला राउटरला बाहेरून आलेली वायर काढून ठेवायची. बाहेरचं नेटच नाही म्हटल्यावर कुठली पॉलिसी आणि कुठला व्हीपीएन. फेटचे बरेच प्रयोग पण असे डाउनलोड करून ठेवता येतात.

शेवटचं, टेबलं भिंतीला लावा. आपल्याकडे लॅब वर्गासारखी लावतात, सगळे फळ्याकडे तोंड करून, म्हणजे शिक्षकाला समोरून फक्त मॉनिटरच्या पाठी दिसतात. मशीन तीन भिंतींना लावून मुलांची तोंडं भिंतीकडे केली की तुम्ही मधे उभं राहून एका नजरेत सगळे स्क्रीन बघू शकता. खर्च शून्य, फक्त एक्स्टेन्शन बोर्डच्या वायरी थोड्या फिरवाव्या लागतील.

प्रश्न : आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेला एका विक्रेत्याने फायरवॉलचा बॉक्स सुचवलाय. त्याचं म्हणणं, हा लावला की मुलं काय काय बघतात, काय शोधतात ते सगळं दिसेल आणि नको ते आपोआप बंद. किंमत बरीच आहे, शिवाय दरवर्षी लायसन्स. शाळा सीबीएसईची आहे, बोर्डाचं काही बंधन आहे का? — शाळा समिती सदस्य, नाशिक

बोर्डाचं आधी सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सीबीएसईने शाळांसाठी सुरक्षित इंटरनेटवर परिपत्रक काढलं होतं, त्यात फायरवॉल, फिल्टर आणि देखरेखीचं सॉफ्टवेअर लावा असं आहे. पण त्याचा अर्थ अमुकच महागडा बॉक्स घ्या असा होत नाही, विक्रेते तो तसा लावतात.

आता 'सगळं दिसेल' ह्या वाक्याकडे या. आजकाल जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे मधल्या कुणालाही आतला मजकूर वाचता येत नाही. बॉक्सला दिसतं ते एवढंच की मुलगा विकिपीडियावर गेला, पण कुठल्या पानावर ते नाही. गूगलवर गेला हे कळतं, काय शोधलं ते नाही. ते पण बघायचं असेल तर प्रत्येक मशीनवर त्या बॉक्सचं सर्टिफिकेट (ह्या बॉक्सवर भरवसा ठेव असं मशीनला सांगणारी फाइल) टाकावं लागतं, मग बॉक्स मधे बसून सगळं उघडतो, वाचतो आणि परत बंद करून पुढे पाठवतो. ऐकायला छान आहे पण मग त्याच मशीनवरून कुणी शिक्षिका बँकेत लॉगिन करत असेल तर तिचा पासवर्डही त्याच वाटेने जातो. शाळेत हे अजिबात करू नका, निदान स्टाफच्या मशीनवर आणि मुलांच्या स्वतःच्या मोबाइल-टॅबवर तर नकोच नको. विक्रेत्याला सरळ विचारा, सर्टिफिकेट न टाकता तुमचा बॉक्स काय काय दाखवतो? उत्तराला वेळ लागला तर समजून जा.

बॉक्स घ्यायच्या आधी फुकटचं करून बघा. राउटरमध्ये डीएनएस बदलायचा. डीएनएस म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचा नंबर शोधून देणारी इंटरनेटची डिरेक्टरी, तिथेच नंबर मिळाला नाही तर साइट उघडत नाही. क्लाउडफ्लेअरने एप्रिल २०२० पासून १.१.१.३ हा नंबर फुकट ठेवलाय (टाकताना इंग्रजी आकड्यांत टाका), सोबत दुसरा १.०.०.३. हा अश्लील आणि व्हायरसवाल्या साइट अडवतो. गेम, सोशल मीडिया, यूट्यूब ह्यातलं काही अडवत नाही, तेव्हा त्याच्याकडून ती अपेक्षा नको, त्यासाठी सांगोल्याच्या ताईंना सांगितलेली यादीच. गूगलचा सेफसर्च आणि यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड हे दोन्ही पण क्रोमच्या पॉलिसीतून सक्तीने चालू ठेवता येतात.

डीएनएसला भोकं आहेत ती माहीत असू द्या. ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस नावाचं बटण असतं, ते चालू केलं की ब्राउझर तुमच्या राउटरला न विचारता थेट बाहेर विचारतो, ते पॉलिसीने बंद करायचं. आणि तुमच्या लाइनवर आयपीव्ही-सिक्स (इंटरनेटच्या नंबरांची नवी पद्धत) चालू असेल, आता बऱ्याच ठिकाणी असतं, तर डीएनएस तिथे पण बदलावा लागतो, नाहीतर अर्ध्या मशीन फिल्टरमधून जातात आणि अर्ध्या नाही, आणि सगळे डोकं खाजवत बसतात. शिवाय ऑफिसचं नेटवर्क आणि मुलांचं नेटवर्क वेगळं करा, फी आणि सरल-यूडायसच्या सरकारी नोंदींची कामं जिथून चालतात तिथे मुलांच्या मशीन नकोतच.

एवढं करूनही मोठी शाळा आहे, शेकड्याने मशीन आहेत, तासागणिक वेगळे नियम हवेत, तर बॉक्स जरूर घ्या. फक्त लायसन्स संपल्यावर फिल्टरचं काय होतं ते लेखी घ्या. काही ठिकाणी याद्या अपडेट व्हायच्या थांबतात, काही ठिकाणी फिल्टरच बंद पडतो, आणि शाळेच्या लक्षात यायला सहा महिने जातात.

प्रश्न : मी दहावीत आहे. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये विज्ञानाचं प्रोजेक्ट करताना प्रजनन संस्थेबद्दल शोधलं तर स्क्रीनवर 'अयोग्य मजकूर' असं आलं आणि सर सगळ्यांसमोर ओरडले. मैत्रिणीने स्तनाच्या कॅन्सरबद्दल शोधलं तर तेच. पुस्तकात आहे तेच आम्ही शोधत होतो. आमचं चुकलं का? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

नाही गं, तुमचं काहीच चुकलं नाही. दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' धड्यात हेच आहे, बोर्डाला ते परीक्षेला चालतं तर लॅबला पण चाललं पाहिजे.

तुमच्या शाळेत शब्दांवर चालणारा फिल्टर लावलेला दिसतोय, म्हणजे ठरावीक शब्द आले की पान बंद. ही पद्धत जुनी आहे आणि तेवढीच मठ्ठ. इंग्लंडमध्ये स्कन्थॉर्प नावाचं गाव आहे, त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधेच एक शिवी येते, म्हणून १९९६ मध्ये एओएल ह्या अमेरिकन इंटरनेट कंपनीच्या फिल्टरने त्या गावच्या लोकांना खातंच काढू दिलं नव्हतं. तेव्हापासून अशा घोळाला त्या गावाचंच नाव पडलंय. आपल्याकडे तर अजून मजा, फिल्टरमधले शब्द इंग्रजी असतात आणि पोरं शिव्या शोधतात मराठीत, त्याही रोमन अक्षरांत, त्या फिल्टरला कळतच नाहीत. म्हणजे टवाळखोर आरामात सुटतो आणि अभ्यास करणारी सापडते.

सरांना हे पान दाखव. सर, तुम्हालाच सांगतो, शब्दांचा फिल्टर काढा आणि साइटच्या प्रकारावर चालणारा लावा, अश्लील साइट त्यात तशाही अडतात. आणि फिल्टरने काहीतरी अडवलं म्हणजे मुलाने गुन्हा केला असं धरून चालू नका, विशेषतः मुलींना चारचौघांत ओरडलात तर त्या पुढच्या वेळी पाळीबद्दलचा प्रश्नसुद्धा विचारायच्या नाहीत. लॅबच्या दारावर एक वही लटकवा, 'ही साइट हवी आहे, कशासाठी' एवढे दोनच रकाने, आठवड्यातून एकदा बघा आणि योग्य वाटेल ती उघडा.

प्रश्न : गोव्यात शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायची केअर्स योजना आहे, त्यात मी सहावी-सातवीला स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची भाषा) शिकवते. स्क्रॅचच्या साइटवर गेल्यावर मुलं प्रोजेक्ट करायचं सोडून दुसऱ्यांनी बनवलेले गेमच खेळत बसतात. साइट बंद केली तर शिकवू काय? — शिक्षिका, फोंडा

ह्या प्रश्नाचा मला फार आनंद झाला, कारण इथे फिल्टरचं काही चालत नाही. साइट एकच, तिच्यातच अभ्यास आणि तिच्यातच खेळ.

तांत्रिक उत्तर असं की स्क्रॅच कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करून बिननेटचं वापरता येतं. ते प्रत्येक मशीनवर टाका, साइट बंद ठेवा, दुसऱ्यांचे गेम दिसायचाच प्रश्न नाही. काम पेनड्राइव्हवर किंवा फोल्डरमध्ये सेव्ह करायचं.

पण मी तुमच्या जागी असतो तर आठवड्यातून एक तास साइट उघडी ठेवली असती. स्क्रॅचवर प्रत्येक गेमच्या आत जाऊन त्याचे ठोकळे बघता येतात आणि त्यात बदल करून आपला वेगळा गेम करता येतो. मुलांना सांगायचं, हवा तो गेम खेळा, पण तास संपायच्या आत त्याच्या आत शिरून एक गोष्ट बदलून दाखवायची, मांजर दुप्पट वेगाने पळव, गुण उलटे मोज, काहीही. जो खेळत बसला त्याला पण कोड वाचावाच लागतो.

प्रश्न : माझ्या मुलाचं नववीचं वर्ष आहे, ट्यूशन ऑनलाइन आहे. टॅबवर क्लास चालू असतो आणि त्याच स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागात क्रिकेट. टॅब काढून घेतला तर क्लास बुडतो. — आई, डोंबिवली

ताई, ॲन्ड्रॉइड टॅब असेल तर सेटिंगमध्ये ॲप पिनिंग म्हणून आहे, क्लासचं ॲप पिन केलं, म्हणजे स्क्रीनवर अडकवलं, आणि 'सोडताना लॉकचा नंबर विचार' हे तिथलं सेटिंग चालू केलं की तो नंबर टाकल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही, स्क्रीनचे दोन भाग पण होत नाहीत. तो नंबर त्याला माहीत नको एवढंच. आयपॅड असेल तर हेच काम गाइडेड ॲक्सेस करतं. साइटसाठी गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये 'फक्त मंजूर साइट' असा पर्याय आहे, पण नववीच्या मुलावर तो लावलात तर घरात रोज कोर्टकचेरी होईल, तो लहान मुलांसाठी ठीक आहे. त्याच्याशी ठरवून घ्या, क्लासच्या वेळेत पिन, नंतर मॅच. आणि खरं सांगू का, क्लास इतका कंटाळवाणा असेल की रोज मॅच लागते, तर एकदा शेजारी बसून अर्धा तास क्लास स्वतः ऐका.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते. मुलीच्या शाळेने दिलेल्या क्रोमबुकवर (गूगलच्या क्रोमवर चालणारा लॅपटॉप) आमच्या रविवारच्या मराठी शाळेची साइट उघडत नाही, घरच्या वायफायवर पण नाही. इतर साइट चालतात. शाळा हे घरीसुद्धा कसं काय करू शकते? — वाचक, अमेरिका

करू शकते, कारण फिल्टर तुमच्या वायफायवर नाहीये, क्रोमबुकवर आणि मुलीच्या शाळेच्या अकाउंटवर आहे. क्रोमबुक चंद्रावर नेलं तरी नियम शाळेचेच.

त्यामागे तिकडचा कायदा आहे. डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेत चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट आला, ज्या शाळा आणि लायब्ररींना इंटरनेटसाठी ई-रेटची सरकारी सवलत हवी त्यांनी फिल्टर लावलाच पाहिजे असा. लायब्ररींनी त्याला कोर्टात आव्हान दिलं होतं, २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला. पण कायदा मागतो ते अश्लील चित्रं अडवायला, मराठी शाळेची साइट त्यात कुठेच बसत नाही. बहुधा झालंय असं की फिल्टर कंपनीच्या यादीत ती साइट कुठल्याच प्रकारात नोंदलेली नाही, आणि नोंद नसलेलं सगळं बंद असा नियम शाळेच्या जिल्ह्याने (तिकडचं शाळा चालवणारं 'स्कूल डिस्ट्रिक्ट') लावलेला असतो. छोट्या, परभाषेतल्या साइटचं असं फार होतं.

शाळेच्या टेक्नॉलॉजी विभागाला दोन ओळींची मेल टाका, साइटचा पत्ता द्या, आठवड्यातून एकदा भरणारी भाषेची शाळा आहे म्हणून सांगा. मराठी शाळेतल्या सगळ्या पालकांनी आपापल्या जिल्ह्यात पाठवली तर उत्तम. तोवर मुलीला घरच्या कॉम्प्युटरवर बसवा, आणि तसंही वैयक्तिक गोष्टी शाळेच्या मशीनवर न केलेल्याच बऱ्या, तिकडे शिक्षकाला तासाला मुलांचे स्क्रीन थेट दिसतील अशी सॉफ्टवेअर सर्रास असतात.

प्रश्न : तेच विचारायचं होतं. सगळ्या मुलांचे स्क्रीन माझ्या मशीनवर दिसतील असं काही फुकट आहे का? आणि त्यांना न सांगता लावलं तर चालेल का? — संगणक शिक्षक, अंबाजोगाई

आहे. व्हेयॉन नावाचं, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, पूर्वी आयटाल्क म्हणून होतं तेच. सगळे स्क्रीन छोट्या चौकटीत दिसतात, सगळ्यांचे एकदम लॉक करून 'इकडे बघा' करता येतं, आपला स्क्रीन सगळ्यांना दाखवता येतो. मला तर साइट ब्लॉक करण्यापेक्षा हे जास्त आवडतं, कारण मोठ्या मुलांना सगळं उघडं देऊन फक्त नजर ठेवता येते.

न सांगता मात्र नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे, त्याच्या नियमांत शाळांना शिक्षणापुरती आणि सुरक्षेपुरती सवलत आहे, पण 'शिक्षणापुरती' हा शब्द नीट वाचा. तासाला स्क्रीन बघणं वेगळं आणि स्क्रीनचे फोटो साठवून पालक सभेत दाखवणं वेगळं. लॅबच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा की तासाला तुमचा स्क्रीन सरांना दिसतो. गंमत अशी की ती पाटी लावल्यावर निम्मं काम तिथेच होतं.

प्रश्न : लॅब बंद केली तरी अकरावी-बारावीची मुलं खिशातल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅबच्या मशीनला जोडतात. ऑनलाइन चाचणी घ्यायची तर अवघड झालंय. जॅमर बसवावा का? — प्राध्यापक, कनिष्ठ महाविद्यालय, लातूर

जॅमर नाही! सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे, शिवाय शेजारच्या दवाखान्याचे फोन पण बंद पडतील ते वेगळंच.

हॉटस्पॉटवर तुमचा राउटर, डीएनएस, बॉक्स काहीच चालत नाही, कारण नेट तुमच्यातून जातच नाही. चालतात त्या मशीनवरच्या पॉलिसी, त्या कुठल्याही नेटवर लागू राहतात, म्हणून वरच्या पहिल्या उत्तरातलं काम तुम्हालाही करावं लागेल. लॅबच्या मशीन वायरने जोडलेल्या असतील तर त्यांचं वायफायच बंद करा, आणि मोबाइल वायरने जोडून पण नेट देता येतं तेव्हा पुढचे यूएसबी पोर्टही बायोसमधून (मशीन सुरू होताना उघडणारं आतलं सेटिंग) बंद करा, कीबोर्ड-माउस मागच्या पोर्टवर. चाचणीसाठी सेफ एक्झाम ब्राउझर वापरा, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने बनवलेलं आहे, फुकट, चाचणी संपेपर्यंत दुसरी खिडकी उघडूच देत नाही. मूडल (ऑनलाइन धडे आणि चाचण्यांचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याच्याशी छान जमतं. गूगल फॉर्मचा लॉक्ड मोड मात्र शाळेने सांभाळलेल्या क्रोमबुकवरच चालतो, तुमच्या विंडोजच्या लॅबमध्ये त्याच्या नादी लागू नका.

आणि मोबाइल दाराशीच जमा करा, हजेरी नंबर टाकलेल्या कप्प्यांत. दोन मोबाइल बाळगून एक जमा करणारे निघतीलच, तेव्हा प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा येईल असं सेटिंग करून ठेवा.